गाठी असूनही सोयाबीन पिवळे का पडते : नत्राच्या फेऱ्याविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : आठ दिवसांची झड ओसरल्यावर सव्वा महिन्याचे सोयाबीन पिवळे पडले, मुळांवर गाठी तर दिसतात, कृषी केंद्रवाले युरिया फेकायला सांगतात, आणि हवेत 78 टक्के नत्र फुकट असताना तो विकत का घ्यावा, हे तुम्हाला उमगत नाही. शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण बाकीचे उत्तर तिच्यातूनच निघते.

हवेतील नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट धरून असतात की कोणतेही झाड किंवा जनावर ते स्वतः सोडवू शकत नाही. विजांच्या कडकडाटात थोडा नत्र मोकळा होऊन पावसाबरोबर जमिनीत उतरतो, पण त्यावर पीक निघत नाही. फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये हा बंध प्रयोगशाळेत तोडून अमोनिया करून दाखवला आणि 1913 मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे त्याचा कारखाना उभा राहिला. आजही त्या पद्धतीला चारशे अंशांच्या आसपास उष्णता आणि हवेच्या दाबाच्या शे-दीडशे पट दाब लागतो. तेच काम गाठीतील रायझोबियम जिवाणू तुमच्या बांधाआड, ओल्या मातीत, झाडाने दिलेल्या साखरेवर करतो.

मात्र गाठ दिसली म्हणजे ती कामावर आहे, असे समजू नका. एक झाड मुळासकट ओल्या मातीतून हळूच उपटा, गाठ नखाने चिरा आणि आत पाहा. आतून गुलाबी-लालसर निघाली तर ती चालू आहे. पांढरी, हिरवट किंवा करडी निघाली तर बंद आहे. हा लाल रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या भावकीतल्याच एका द्रव्याचा असतो. नत्र बांधणारे विकर प्राणवायूने बिघडते, पण जिवाणूला श्वासासाठी तोच प्राणवायू हवा असतो, म्हणून हे द्रव्य तो मोजूनमापून पोचवते. झडीत काळ्या जमिनीची छिद्रे पाण्याने भरतात, मुळाशी हवा उरत नाही आणि गाठीचे काम थंडावते.

चिबडलेल्या रानात याहून मोठे नुकसान दुसरीकडे होते. शेणखत, पालापाचोळा, मेलेली मुळे यांतील प्रथिने कुजून अमोनिया होतो. जिवाणूंची एक टोळी त्याचे नायट्राइट आणि दुसरी त्याचे नायट्रेट करते. अमोनियम रूपातील नत्राला चिकणमातीचे कण धरून ठेवतात. नायट्रेटला ते धरत नाहीत, त्यामुळे ते पाण्याबरोबर खाली झिरपून विहिरीपर्यंत जाते, आणि जिथे पाणी साचते तिथे हवेवाचून घुसमटलेले जिवाणू त्या नायट्रेटवरच श्वास भागवून नत्र पुन्हा हवेत सोडतात. त्यातील काही भाग नायट्रस ऑक्साइड होतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट उष्णता अडवतो. ज्या हवेतून नत्र आला त्याच हवेत तो असा परत जातो, आणि आपण गोणीचे पैसे भरून मोकळे होतो.

युरियाबाबत माझी स्वतःची चूक सांगतो. एका वर्षी आभाळ भरून आले म्हणून कपाशीत डवरणीआधीच युरिया वर फेकला. पाऊस आला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तासांमधून फिरताना गोठ्यातल्यासारखा उग्र वास आला. गोमूत्रातील युरिया आणि गोणीतील युरिया पदार्थ म्हणून एकच. मातीतील विकर त्याचा अमोनिया करते, आणि आपल्या चुनखडीच्या, अल्कधर्मी काळ्या रानात तो वरच्या वर उडून जातो. 45 किलोच्या गोणीत नत्र जेमतेम 20.7 किलो, त्यातलाही वाटा वाऱ्यावर गेला. मातीआड केला असता, तर टिकला असता.

सोयाबीन जमीन सुपीक करते, हे वाक्य आपल्याकडे फार सैलपणे बोलले जाते. दाण्यात 36 ते 40 टक्के प्रथिने असतात, म्हणजे दहा क्विंटल दाण्यांबरोबर सुमारे 60 किलो नत्र, जवळजवळ तीन गोण्यांएवढा, बाजारात जातो. गाठींनी बांधलेला बराचसा नत्र त्यातच निघून जातो. कुटारही विकले किंवा पेटवले, तर रानात फारसे काही उरत नाही. उलट पऱ्हाटीचा भुगा नुसताच गाडला, तर तिच्यात कार्बन फार आणि नत्र कमी असल्याने कुजवणारे जिवाणू मातीतलाच नत्र उचलतात आणि पुढचे पीक काही काळ पिवळे दिसते. असा भुगा शेणासोबत खतखड्ड्यात कुजवून मग टाकावा.

आता तुमच्या शेतात पिवळेपणा कुठल्या पानांवर आहे, ते पाहा. खालची जुनी पाने सरसकट पिवळी असतील तर नत्र कमी आहे, कारण झाड तो जुन्या पानांतून काढून शेंड्याला देते. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता असते, जी चुनखडीच्या ओल्या रानात झडीनंतर हमखास दिसते; तिथे युरियाचा उपयोग नाही. दोन्ही बाबतींत आधी सरी काढून साचलेले पाणी बाहेर काढा, वाफसा येऊ द्या आणि डवरा फिरवा. मग उंचावरचे एक आणि खोलगटातले एक अशी दोन झाडे उपटून त्यांच्या गाठी चिरा, आणि आतला रंग व पिवळ्या पानांची जागा इथे कळवा. त्यानंतर युरियाचे ठरवू.