आधी ती वही कपाटातून काढा

ऐरोलीच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी बारावी सायन्सला ७१ टक्क्यांनी पास झाली. नीटला मार्क पडले नाहीत, आणि पुन्हा बसायला ती तयार नाही. तिला साहित्यात बीए करून पर्यावरणावर लिहायचंय. ती रोज वही घेऊन खाडीवर जाते, म्हणून वडिलांनी ती वही कपाटात कुलूपबंद केली. "निसर्गावर कविता करून पोट भरतं का?" असं त्यांनी विचारलंय.

दादा, मला मार्कांची काळजी नाही, त्या कुलपाची आहे. वहीतल्या एका पानाचा फोटो तुम्ही तक्रार म्हणून पाठवलात. तो मी तीनदा वाचला. 'ओहोटीला तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात. एक निवटी मुळाशी बसली होती, पाय वाजला तशी बिळात गेली. आजा सांगतात, पूर्वी टोपली भरायची, आता वाटीभर मिळाली तरी पुष्कळ.' निवटी म्हणजे चिखलात राहणारा छोटा मासा. ही कविता नाही, ही नोंद आहे. तुमचे वडील दिवा कोळीवाड्यातून खाडीत जाळं टाकायचे, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. मुलीने नेमकं तेच धरून ठेवलंय. ठाण्याची खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली, फ्लेमिंगो बघायला गर्दी होते. पण उधाणाच्या मोठ्या भरतीला जाळ्यात कुठे काय लागायचं आणि भांगाच्या लहान भरतीला काय, हे सांगणाऱ्यांना कोण विचारतं? तुमची मुलगी विचारते.

पर्यावरणाचं साहित्य म्हणजे फुलं-पाखरं, हा गैरसमज मात्र डोक्यातून काढाच. विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'त धरणग्रस्तांची परवड आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळ्यांचा संघर्ष आहे, तो दिवसचे दिवस वानरं बघितल्याशिवाय लिहिता येत नाही. अमिताव घोष यांच्या 'द हंग्री टाइड'ची नायिका तर सुंदरबनात डॉल्फिनचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ आहे. तेव्हा तिचं बायोलॉजी वाया जाणार नाही. उलट तिला सांगा, नुसतं 'पांढरा पक्षी' लिहून भागणार नाही, जात ओळखायला शिक.

सायन्सनंतर बीएला प्रवेश मिळतो. पुढे एमए, प्राध्यापकीसाठी नेट-सेट परीक्षा, पत्रकारिता या वाटा आहेतच. सुरुवातीला पैसा कमी मिळेल, हेही तिच्यापासून लपवू नका.

वही आजच परत द्या. येत्या रविवारी ओहोटीची वेळ बघून तिच्याबरोबर खाडीवर जा, वडिलांना चालवत असेल तर त्यांनाही न्या. फॉर्म कुठले भरायचे ते त्यानंतर विचारा, मी सविस्तर लिहीन.