शंका-समाधान : ‘कळवळा’ की ‘आतडी’?

प्रश्न : मागच्या रविवारी उपदेशात आमचे पाळकसाहेब म्हणाले, की शुभवर्तमानात येशूला ‘कळवळा आला’ असं जिथं आहे, तिथं मूळ ग्रीकमध्ये ‘आतडी’ हा शब्द आहे. ऐकून कसंतरीच वाटलं. हे खरं आहे का? मग मराठी भाषांतर चुकलं म्हणायचं का? मी माझ्या बायबलात दुरुस्ती करून ठेवू का?
– एक वाचिका, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : ताई, पाळकसाहेब बोलले ते खरं आहे, पण अर्धं.

ग्रीक शब्द आहे ‘स्प्लांख्ना’. त्यात नुसती आतडी नाहीत. काळीज, यकृत, फुप्फुसं, मूत्रपिंडं, सगळंच येतं. ग्रीक लोक देवाला जनावर बळी देत, तेव्हा पोटातला हा ऐवज आधी भाजून जमलेल्यांत वाटून खात. आपल्याकडं जत्रेला बकरं पडलं की काळीज-वजडी वेगळी काढतात, ते डोळ्यांसमोर आणा. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत (१:१८) येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या मरणाच्या वर्णनात हा शब्द अगदी शब्दशः आतड्यांसाठीच आला आहे. माझी त्याच्याशी पहिली ओळख झाली ती नर्सिंगच्या पुस्तकात. पोटातल्या अवयवांकडं जाणाऱ्या नसांना ‘स्प्लँक्निक नर्व्ह’ म्हणतात, त्या नावाचं मूळ हेच. ग्रीक मी पुष्कळ उशिरा शिकले, माझ्या यजमानांकडून. ते पाळक होते.

या नामापासून ‘स्प्लांख्निझोमाई’ हे क्रियापद झालं. नव्या करारात, म्हणजे बायबलाच्या दुसऱ्या भागात, ते १२ वेळा येतं, आणि फक्त मत्तय, मार्क, लूक या शुभवर्तमानांत. त्यातले ८ वेळा खुद्द येशूबद्दल. ३ वेळा त्यानं सांगितलेल्या दाखल्यांत: चाकराचं कर्ज सोडणारा धनी, वाटेत लुटलेल्या माणसाला उचलणारा शोमरोनी आणि उधळ्या पोराला लांबूनच पाहून धावत सुटलेला बाप. उरला एक, त्याच्याकडं शेवटी येते.

मिरजेत मी ३१ वर्षं सिस्टर होते, त्यातली बरीचशी ऑपरेशन थिएटरात. एकदा जतकडची एक बाई आली होती. सहा वर्षांच्या पोराच्या आतड्याला पीळ पडलेला, पोरगं आत टेबलावर. ही बाहेर भिंतीला टेकून फरशीवर बसलेली. पदराचा बोळा करून दोन्ही हातांनी पोटाशी गच्च दाबून धरलेला, इतका की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी विचारलं, “मावशी, तुमचंही पोट दुखतंय का?” म्हणाली, “माझं न्हाई दुखत सिस्टर. दुखतंय त्याचं, पर तुटतंय हितं.”

या क्रियापदाचा याहून चांगला अर्थ मला कुठल्या कोशात मिळाला नाही. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेतही दयेला ‘रहमीम’ म्हणतात आणि गर्भाशयाला ‘रेहेम’. दोन्हींचं मूळ एकच.

पण ग्रीक बोलणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढं दर वेळी आतडीच येत, असं मात्र समजू नका. आपण ‘पोटात कालवलं’ म्हणतो तेव्हा पोट कुठं आठवतं? इंग्रजीत १६११च्या भाषांतरात प्रेषित पौलाच्या पत्रांत ‘स्प्लांख्ना’ या नामाला सरळ ‘आतडी’ असाच शब्द घातला होता. पुढच्या पिढ्यांना तो वाचताना अवघड वाटू लागला आणि नव्या भाषांतरांनी तो बदलला.

मला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. मराठीत आतड्याची माया म्हणजे पोटच्या लेकराची, रक्ताच्या माणसाची. परक्यासाठी आपलं आतडं सहसा तुटत नाही. शोमरोनी आणि यहुदी तर एकमेकांचा विटाळ मानणारे. त्या शोमरोन्याच्या पोटात परक्या माणसासाठी तुटतं, आणि लगेच तो जनावरावरून उतरतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, उतारशाळेचे पैसे भरतो. त्याच्या आधी त्याच वाटेनं गेलेल्या याजक आणि लेवी या मंदिराच्या सेवकांनीही त्या जखमी माणसाला पाहिलं होतंच, पण ते तसेच पुढं गेले. पौल तर अनेसिम नावाच्या गुलामाला त्याच्या धन्याकडं, फिलेमोनाकडं, परत पाठवताना त्याला लिहिलेल्या पत्रात (फिलेमोन, ओवी १२) लिहितो, की हा माझी ‘स्प्लांख्ना’ आहे. गुलामाला असं म्हणायचं! आपण म्हटलं असतं, माझ्या काळजाचा तुकडा पाठवतोय.

आता तो राहिलेला एक. मार्क ९:२२. झटके येणाऱ्या मुलाचा बाप येशूला म्हणतो, तुला काही करता येत असेल तर आमच्यासाठी तुझ्या पोटात तुटू दे, आम्हाला मदत कर. पोरगं त्याचं, पण तो ‘त्याच्यासाठी’ म्हणत नाही, ‘आमच्यासाठी’ म्हणतो. हे वाचलं की मला तो पदराचा बोळा दिसतो.

तेव्हा ताई, ‘कळवळा’ खोडू नका. पोटात कळ आली की माणूस कळवळतो. म्हणजे आपल्या शब्दातही अंग आहेच, फक्त वापरून वापरून ते दिसेनासं झालंय. लिहायचंच असेल तर समासात लिहा. माझ्या बायबलात लूक ७:१३ला, नाईन गावच्या विधवेचा एकुलता एक मुलगा तिरडीवर आहे तिथं, ‘कळवळा’ शब्दाशेजारी मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: “तुटतंय हितं.”