पुण्यातल्या बालेवाडी क्रीडासंकुलावर सरकार कोट्यवधी खर्च करतं, मग आमच्या मंडळाच्या मैदानाला अनुदान का मिळत नाही? ते मिळवायचं कसं?

मिळतं. पण जे हवं असतं त्याला मिळत नाही. हे मला २०१६ साली कळलं.

मी पेठेतल्या एका मंडळाच्या मैदानावर रोज संध्याकाळी मुलींना खो-खो शिकवते. २७ बाय १६ मीटरचं मैदान आमच्या जागेत जेमतेम बसतं. उन्हाळ्यात माती दगडासारखी होते. पाणी मारा, रोलर फिरवा, फक्की आखा, हे रोजचंच. म्हणून आम्ही अर्ज केला तो तीनच गोष्टींसाठी: दोन ट्रक लाल माती, नळजोडणी आणि चार दिवे. सहा महिने हेलपाटे घातले. शेवटी उत्तर आलं की माती-पाणी ही देखभाल झाली, त्याला तरतूद नाही. ओपन जिम मात्र महिन्याभरात बसवून देतो.

आमचे खजिनदार म्हणाले, "दाराशी आलेल्या लक्ष्मीला नाही म्हणू नये." नको म्हणणारी मी एकटीच होते. ठराव झाला, नारळ फुटला, फलक लागला. आणि यंत्रं बसवली कुठे, तर खो-खोच्या एका खांबाच्या मागे, काँक्रीट ओतून.

खांबामागची जागा मोकळी का ठेवतात, हे खो-खो खेळलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. खांबाशी सूर मारला की अंग पुढे घसरतं. तिसऱ्याच आठवड्यात आमची सगळ्यात चपळ मुलगी, नववीतली, गडी बाद करायला झेपावली आणि लोखंडी पायावर आदळली. हासळीचं हाड मोडलं. निवड चाचणी हुकली. मी दोनदा तिच्या घरी गेले. दुसऱ्या खेपेला तिची आई दारातच म्हणाली, "ताई, आता नको." त्या यंत्रांवर आज शेजारच्यांचे कपडे वाळतात.

तुमच्या 'का'चं उत्तर यातच आहे. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडी उभी राहिली. पुढे तिथे २००८ साली राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, २०१९ला खेलो इंडिया युवा स्पर्धा. स्पर्धेला तारीख असते, त्या तारखेला स्टेडियम उभं लागतं, म्हणून पैसा हलतो. पाणी मारायला तारीख नसते आणि उद्घाटनही नसतं. त्या २०१९च्या स्पर्धेत महाराष्ट्राने २२८ पदकं मिळवली, पहिला क्रमांक. त्यातल्या कितीतरी मुलांचा पाया कुणीतरी स्वतःच्या खिशातून पाणी मारलेल्या मातीवर घातला गेला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता तुमचं काम. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात क्रीडांगण विकास अनुदान योजनेची चौकशी करा. नोंदणी, ऑडिट, जागेची कागदपत्रं तयार असतीलच. मालकी नसेल तर भाडेकराराचं आधी बघा, अर्ज तिथेच अडतात. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेतल्या जिल्हा केंद्रांसाठी एका खेळाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आवर्ती मदतीची तरतूद झाली, त्यात प्रशिक्षक म्हणून काम करणाऱ्या जुन्या खेळाडूचं मानधनही धरलं. दर वर्षी येणारा पैसा हाच खरा पैसा. त्याच्या मागे लागा.

मोठ्या स्पर्धा नकोत असं मात्र मी म्हणत नाही. २०१९ला मी मुलींना बालेवाडीला नेलं होतं. मॅटवरचा खो-खो बघताना त्या श्वास रोखून बसल्या होत्या, आणि पुढच्या आठवड्यात मैदानावर नव्या मुली आल्या. सगळी कार्यालयंही सारखी नसतात. मला एका कारकुनाने स्वतः बसून अर्ज दुरुस्त करून दिला होता.

पण एक कराच. अर्जाला मंडळाचा ठराव जोडा आणि मैदानावर काय बसवू देणार नाही तेही त्यात लिहा, खांबामागची जागा टेपने मोजून, नकाशासकट. कुणी लक्ष्मीची गोष्ट काढली तर ऐकू नका. आमचे खजिनदार अजून म्हणतात, "फुकट मिळालं ते घेतलं, चुकलं काय?" चुकलं. ती मुलगी पुन्हा मैदानावर आली नाही.