आधी माणसाकडे, मग मेजाकडे

प्रिय बाळा,

आजीच्या मंडळीची उपासना ऑनलाइन पाहताना तू विचारलंस, "प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब 'कोणाशी वाकडं असेल तर समेट करा' असं का सांगतात? देवानं क्षमा केली की झालं ना, माणसाकडे कशाला जायचं?" फोनवर ओझरतं उत्तर द्यावंसं वाटलं नाही, म्हणून लिहिते आहे.

प्रभुभोजन म्हणजे येशूची आठवण करत मेजापाशी भाकर आणि प्याला घेणं. त्याआधी समेट, हा क्रम येशूनंच लावून दिला आहे. बायबलमधल्या मत्तय ५:२३-२४ या ओव्या वाच. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर, मग ये. इथे राग तुझ्या मनात नाही, त्याच्या मनात आहे. तरी उठायचं तू. आपल्या मराठी घरांत गाडं अडतं ते इथेच. धाकट्यानं पाया पडावं, थोरल्यानं 'चुकलं' म्हणू नये, असं आपण धरून चालतो. या ओव्यांत वयाला सवलत नाही. चूक सासूची असेल तर सुनेकडे सासूनंच जायचं.

दुसऱ्यानं तुझा अपराध केला असेल तर मत्तय १८:१५-१७. आधी एकट्यानं जाऊन त्याला एकांतात सांग. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर ने. तरीही नाही, तर मंडळीला सांग. प्रत्यक्षात पुष्कळदा हे उलटं होतं. आधी नातेवाइकांना फोन, मग उपासनेनंतरचा 'सलाम' बंद, मग कमिटीच्या निवडणुकीत विरोध, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याला सगळ्यांत शेवटी कळतं. तोवर दोन्हीकडे बाजू घेणारी माणसं तयार झालेली असतात आणि मग कोणालाच मागे हटता येत नाही. बरोबर न्यायची माणसंही आपल्या बाजूची नकोत. ज्यांचं म्हणणं समोरचा मान खाली न घालता ऐकेल, अशी हवीत.

क्षमा मागताना नेमकं काय केलं ते नाव घेऊन सांगायचं. "काही चुकलं असेल तर माफ करा" यात कबुली नसते. "चुकलं, पण तुम्हीसुद्धा..." म्हटलं की भांडण नव्यानं सुरू. मग भरपाई. पैसे घेतले असतील तर परत करायचे. जक्कय या जकातदारानं चौपट देईन म्हटलं होतं (लूक १९:८). बदनामी चारचौघांत केली असेल तर त्याच चौघांपुढे ती खोडायची. नाताळात फराळाचं ताट पाठवून अबोला सोडायची आपल्याकडची रीत मला फार आवडते, करंजीनं दार उघडतं. पण बोलायचं राहिलं तर वर्षभरात ते पुन्हा बंद होतं.

वसई-पालघरकडच्या कॅथलिक कुटुंबांत पापनिवेदन धर्मगुरूपुढे होतं. ऐकलेलं त्यांनी कधीही कोणाला सांगायचं नसतं. तिथेही चोरीचा माल परत करण्यातून सुटका नाही.

क्षमा करणाऱ्याचं काय? मत्तय १८ मधल्या दाखल्यात राजा चाकराला दहा हजार तालांतांचं कर्ज सोडतो. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराचा एक दिवस. सहा कोटी दिवसांची मजुरी झाली. तोच चाकर बाहेर पडून शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. देवाची क्षमा घेऊन माणसाला टाळता येत नाही, ते यामुळे.

मात्र क्षमा आणि समेट एक नव्हे. क्षमा एकटा करू शकतो. समेटाला दोघं लागतात, आणि विश्वास सावकाश परततो. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या, काही वर्षं नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे दोघं एकत्र आली आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. मधली वर्षं कोणाला वगळता आली नाहीत.

आणि हे ठामपणे सांगते: मारहाण किंवा मुलांवरचा अत्याचार हा आपसात मिटवायचा विषय नाही. ते पोलिसांकडे जायला हवं. 'साताच्या सत्तर वेळा' क्षमा करावी हे वचन सोसणाऱ्यावर दडपण म्हणून वापरणं हे मी चूक मानते, मग वापरणारा कोणीही असो.

तू आता विचारशील, गेलो आणि समोरच्यानं दार लावून घेतलं तर? रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (१२:१८) प्रेषित पौल म्हणतो, तुमच्याकडून होईल तितकं सर्वांशी शांतीनं राहा. तुझ्याकडचं सगळं केलंस, भरपाई दिलीस, पुन्हा बोलायची वाट मोकळी ठेवलीस, तर नि:शंक मनानं मेजाजवळ ये. त्याच्या होकारासाठी भाकर आणि प्याला नाकारायची गरज नाही.

तुझी,
आई