अपघातानंतर समोरच्याने पैसे देऊन 'तक्रार नाही' असे लिहून मागितले तर सही करावी का?

आपण लिहिले आहे की नळदुर्गजवळ महामार्गावर एका मोटारीने आपल्या दुचाकीला धडक दिली, पायाचे हाड मोडले, उपचार सोलापुरात चालू आहेत आणि मोटारमालक चाळीस हजार रुपयांच्या बदल्यात 'माझी कोणतीही तक्रार नाही' असे लिहून मागतो आहे. अडीच महिने झाले तरी फिर्याद दिलेली नाही, आणि नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी धाराशिवला खेटे घालावे लागतील का, अशीही आपल्याला शंका आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच की सही करू नका. पुढचे लिहिण्याचे कारण असे की तशाच एका कागदावर माझा अंगठा आहे.

मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्तर होतो. 2016 साली दिवाळीनंतरच्या आठवड्यात अक्कलकोट रोडवरून घरी परतताना मागून आलेल्या मालवाहू टेम्पोने मला उडवले. उजव्या मनगटाचे हाड मोडले आणि अंगठ्याच्या मुळाशी कंडरा तुटली. टेम्पोचा मालक आमच्या दाजींच्या ओळखीचा निघाला, आणि तेथूनच सगळे बिघडले. त्याच रात्री दाजींनी दवाखान्यातील डॉक्टरांना 'गाडीवरून घसरून पडला' असे लिहिण्याची गळ घातली. डॉक्टर वयाने लहान होते, पण त्यांनी ऐकले नाही. 'मागून टेम्पोची धडक' अशी नोंद करून त्यांनी पोलिसांना एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरणाची वैद्यकीय नोंद, कळवली. त्या एका ओळीवर पुढे माझा संपूर्ण दावा उभा राहिला.

पाचव्या दिवशी दाजी शंभराचा स्टँपपेपर आणि अठरा हजार रुपये घेऊन आले. आदल्याच रात्री नोटाबंदी जाहीर झालेली होती आणि मालकाने दिल्या त्या पाचशेच्या छत्तीस जुन्या नोटा! हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे, दहावी उत्तीर्ण झालेल्या माणसाने डाव्या अंगठ्याचा ठसा उमटवला, आणि नंतर त्याच अवस्थेत त्या नोटा भरण्यासाठी बँकेच्या रांगेत दोन दिवस उभे राहणेही त्याच्याच वाट्याला आले. दाजींचे म्हणणे एकच होते की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये आणि ओळखीच्या माणसाला बुडवू नये.

प्लास्टर निघाल्यावर अंगठा दुमडेना. कापडाच्या थरावर कात्री चालवणाऱ्याचा अंगठा दुमडत नसेल तर त्याने कारखान्यात जाऊन करायचे काय, हे दाजींना आजतागायत सांगता आलेले नाही. कारखान्याच्या मालकाने हेल्परच्या पगारावर ठेवतो म्हणून सांगितले. तेव्हा कुठे मी पोलीस ठाण्यात गेलो आणि फिर्याद दिली. अपघाताला त्या वेळी दीड महिना उलटून गेला होता. आधी टाळाटाळ झाली, पण एमएलसीची नोंद ठाण्यातच पडून असल्यामुळे गुन्हा नोंदवावा लागला.

दाजींचा 'ओळखीच्या माणसाला बुडवू नये' हा मुद्दा मुळातच चुकीचा होता, आणि मला सर्वांत जास्त राग त्याचाच आहे. रस्त्यावरच्या प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो याचसाठी. वाहनाचा विमा चालू असेल आणि चालकाकडे योग्य परवाना असेल, तर नुकसानभरपाई विमा कंपनी भरते, मालकाच्या खिशातून रुपयाही जात नाही. म्हणजे ज्याचे काहीच जाणार नव्हते त्याला वाचवण्यासाठी घरच्याच माणसाने माझा अंगठा अठरा हजारांना विकला. मालक पैसे पुढे करतो तेव्हा त्याला फौजदारी खटल्याची भीती असते, किंवा त्याचा विमा संपलेला असतो. दयेपोटी हे क्वचितच घडते. आपल्या मोटारमालकाला विम्याची प्रत मागून पाहा, तो काय उत्तर देतो यावरून पुष्कळ समजेल.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात विमा कंपनीच्या वकिलांनी दोन गोष्टी धरल्या, एक म्हणजे फिर्यादीला झालेला उशीर आणि दुसरी म्हणजे तो स्टँपपेपर. उशिराबद्दल आमच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा रवी विरुद्ध बद्रीनारायण हा निकाल दाखवला. केवळ फिर्याद उशिरा दिली म्हणून खरा दावा फेटाळता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. स्टँपपेपर दुखापतीची पूर्ण कल्पना येण्याआधी घेतलेला असल्यामुळे त्याला महत्त्व मिळाले नाही, फक्त अठरा हजार रुपये भरपाईतून वजा झाले. तरीही उलटतपासणीत 'हा अंगठा तुमचाच ना?' या प्रश्नाला भर कोर्टात 'हो' म्हणताना जे वाटले, ते मी विसरलेलो नाही.

खरी लढाई टक्क्यांची होती. अपंगत्वाच्या दाखल्यावर 22 टक्के होते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात स्पष्ट केले आहे की शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या माणसाच्या नेमक्या कामावर काय परिणाम झाला हे पाहावे लागते. त्यासाठी नुसता दाखला पुरत नाही, डॉक्टरांची साक्ष लागते, आणि आमच्या डॉक्टरांना दोनदा समन्स काढावे लागले. पगार रोखीने मिळत असल्यामुळे बारा हजारांऐवजी आठच हजार धरले गेले. माझे वय 34, म्हणून वयावरून ठरणारा गुणक 16. वर्षाचे 96 हजार गुणिले 16, त्याचे 22 टक्के काढले तर 3 लाख 38 हजारांच्या आत येतात. न्यायाधिकरणाने 40 टक्के धरले आणि आकडा 6 लाख 14 हजार 400 झाला, दवाखान्याचा खर्च आणि व्याज वेगळे. निकाल जानेवारी 2020 मध्ये लागला. दुखापतीच्या दाव्यातही भविष्यातील उत्पन्नवाढ धरावी, हे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्पष्टपणे सांगितले. माझ्या हिशेबात ती आली नाही, आपल्या हिशेबात मात्र मागून घ्या.

दाजी अजूनही म्हणतात की तीन वर्षे तारखांना हेलपाटे घालून काय मिळवलेस. तारखांना रोजगार बुडाला हे खरे आहे. दाजी हे वाचणार नाहीत, पण त्यांचा मुलगा वाचतो, म्हणून गुणाकार मुद्दाम सविस्तर लिहिला.

आता आपल्या शंकांकडे वळतो. धाराशिवला जाण्याची गरज नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 166 प्रमाणे अपघात झाला तेथे, आपण राहता किंवा व्यवसाय करता तेथे, किंवा समोरचा राहतो तेथे, यांपैकी कोठेही दावा करता येतो, म्हणजे आपण सोलापुरात राहत असाल तर सोलापुरात चालेल. फिर्यादही हद्दीचे कारण सांगून नाकारता येत नाही. सोलापुरातील ठाण्यात ती शून्य क्रमांकाने नोंदवून नळदुर्गकडे पाठवली जाते. पहिल्या दिवसाच्या केसपेपरवर आणि एमएलसीत काय लिहिले आहे ते आजच पाहा, आणि प्रत्येक पावती, अगदी रिक्षाच्या भाड्याचीसुद्धा, जपून ठेवा. वकिलांनी भरपाईत टक्के मागितले तर दुसरे वकील पाहा. तशी फी बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. दुचाकीच्या दुरुस्तीबद्दलही आपण विचारले आहे, पण पायापुढे तो विषय किरकोळ आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. माझा दावा जुन्या कायद्याखालचा होता आणि तेव्हा मुदतीचे बंधन नव्हते. 1 एप्रिल 2022 पासून अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांत दावा दाखल करावा लागतो. या मर्यादेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर राहू नका. आपले साडेतीन महिने उरले आहेत, आणि पंचनामा, जबाब व वाहनाचे कागद हाती येण्यातच त्यातला बराच काळ जाईल.