वाचकांचे प्रश्न : गढीचा पाया आणि माथा

प्रश्न : आमच्या गावात एका वास्तूला वाडा म्हणतात, दुसरीला गढी. चौक आणि ओसरी दोन्हींत आहे. मग फरक काय? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : चौकातून फरक कळणार नाही, बाहेरून फेरी मारा. गढी बहुधा गावातल्या उंचवट्यावर असते आणि तिच्या आतल्या वाड्याभोवती तट असून त्याच्या कोपऱ्यांवर बुरूज असतात. देशमुख, पाटील, जहागीरदार यांचे ते राहते घर. वसुलीचे धान्य आणि रोकडही तिथेच, म्हणून एवढा बंदोबस्त. तटात जंग्या शोधा. आतून रुंद, बाहेरून निमुळती आणि खाली उतरती अशी ती बंदुकीची भोके असतात. मुख्य दरवाजाच्या एका फळीत माणूस वाकून जाईल एवढी दिंडी, म्हणजे छोटे दार, आणि आत दोन्ही हातांना पहाऱ्याच्या देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा असतात, पण त्या मोठ्या वाड्यांतही सापडतात. जंग्या आणि बुरूज असतील तर ती बहुधा गढी. वेरूळला मालोजीराजे भोसले यांची गढी आहे, ती जरूर पाहा.

प्रश्न : शनिवारवाड्याचा तट खाली दगडी आणि वर विटांचा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दगडी तट बांधायचा मान छत्रपतींचा, म्हणून वर विटा आल्या, अशी कथा सांगतात. बांधकामाची बाजू मात्र साधी आहे. दगडी जोते जमिनीची ओल वर चढू देत नाही आणि वरचा भाग विटांचा केला की काम हलके आणि वेगाने होते. १० जानेवारी १७३० ला पायाभरणी आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत, म्हणजे दोनच वर्षे. १८२८ च्या आगीत आतले लाकडी मजले गेले. तट आणि दरवाजे आजही उभे आहेत.

प्रश्न : आमच्या गढीची मातीची भिंत दर पावसाळ्यात ढासळते. सिमेंटचा गिलावा करावा का? (एक वाचक, जि. बीड)

उत्तर : कृपा करून करू नका. मातीच्या भिंतीत ओल येते तशी बाहेरही जावी लागते. सिमेंट तिला अडवते, आत माती मऊ पडते आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याचा पापुद्रा भिंतीचा दर्शनी भाग घेऊनच खाली येतो. जोत्याजवळ पांढरे क्षार फुललेले दिसले तर आत हेच चालू आहे असे समजा.

भिंत मरते ती माथ्यातून आणि पायथ्यातून. माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, पडले की माथा उघडा होतो, पाणी उभ्या भेगांत उतरते. पायथ्याशी गावाचे सांडपाणी मुरते. शिवाय गढीची पांढरी माती खत म्हणून शेतात नेण्याची जुनी सवय आहे. पायथा पोखरला की वरची भिंत एकदम बसते. ही खणती आधी बंद करा.

काम दिवाळीनंतर सुरू करून मृगाच्या आत संपवा. पायथ्याचे पाणी आधी चर काढून दूर वळवा. पिंपळ, उंबर उपटू नका, मुळे भिंत फाडत बाहेर येतात. बुंध्याशी कापून फुटवा वरचेवर काढत राहा. माथ्यावर ढासळलेलीच पांढरी माती चाळून, भुसा घालून, पाणी देऊन तुडवा आणि चार-पाच दिवस मुरू द्या. मग बाहेरच्या बाजूला उतार ठेवून थरांनी बसवा. आधीचा थर सुकल्याशिवाय पुढचा चढवू नका, नाहीतर भेगा पडतात. काळी माती अजिबात घेऊ नका; ती ओलीने फुगते आणि उन्हात फाटते. शेवटी शेण-मातीचे लिंपण करा, आणि ते दरवर्षी करावेच लागेल. जोत्याच्या दगडांच्या दरजा चुन्यात भरा: एक भाग मुरलेला चुना, दोन-अडीच भाग वाळू. गढी संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय हात लावू नका.

प्रश्न : आमच्या गढीत झाकलेले पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, सापडले. मुले आत उतरायचे म्हणतात. (एक वाचक, जि. सांगली)

उत्तर : त्यांना उतरू देऊ नका. तोंड बंद असलेल्या पेवात धान्यामुळे आणि कुजणाऱ्या पदार्थांमुळे प्राणवायू संपलेला असतो आणि जड वायू तळाशी साचतो. माणूस दोन श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरणाराही तिथेच पडतो. दोरीने सोडलेला कंदील विझला तर धोका नक्कीच आहे, पण तो जळत राहिला म्हणून आत जाणे सुरक्षित ठरत नाही. अग्निशमन दलाला बोलवा, तोवर तोंडाभोवती कुंपण घाला.