सॅम त्या अंगठीला भुलला कसा नाही?

प्रश्न (तासगावहून) : ताई, टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधे भलेभले त्या सत्तेचा मोह घालणाऱ्या अंगठीपुढं गळपटतात, सोबतचा योद्धा बोरोमिर तर ती नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोच्या अंगावरच धावून जातो, मग हा सॅम, फ्रोडोचा साधा बागकाम करणारा गडी, तो कसा काय सुटतो? भोळा म्हणून का लेखकाचा लाडका म्हणून?

उत्तर : भोळा म्हणून अजिबात नाही ओ, आणि मोह झालाच नाही असंपण नाही. तिसरा भाग (1955 चा) परत काढा, सिरिथ उंगोलच्या बुरुजाचं प्रकरण बघा. फ्रोडोला ऑर्क, म्हणजे शत्रूचे राक्षसी सैनिक, घेऊन गेलेत, अंगठी सॅमच्या गळ्यात आणि समोर शत्रूचा मुलूख मॉर्डॉर. अंगठी आधी पेटती तलवार, मागं फौज असलं सगळं दाखवते, पण खरी मेख पुढंय, तू नुसता हुकूम कर, ही गोरगोरोथची जळकी दरी फुलाफळांची बाग होईल म्हणते. माळ्याला बाग! गिऱ्हाईक बघून माल काढते बया.

फ्रोडोवरची माया त्याला सावरते हे तर पुस्तकातच लिहिलंय. मला भारी वाटतं ते त्याचं दुसरं कारण, आपल्याला एक छोटी बाग बास आणि तीपण आपल्या हातांनी केलेली, दुसऱ्यांच्या हातांवर हुकूम सोडून नाही.

माझ्या मामाची मणेराजुरीला दीड एकर द्राक्षबाग आहे. शेजारची चार एकर खंडानं मिळत होती, नको म्हणाला. ऑक्टोबरची छाटणी अजून स्वतः करतो, कात्री कुणाला देत नाही, काडी हातात धरल्याशिवाय कुठल्या डोळ्यावर, म्हणजे कोंबाच्या जागी, कापायचं ते कळत नाही म्हणतो, आणि मजुरांची टोळी लावली की मी बांधावर उभा, मग बाग कुणाची? घरात सगळे त्याला येडा म्हणतात. सॅमचंपण तेच झालं बघा, त्याला खुरपायचं होतं आणि हुकमाच्या बागेत मालकाला खुरपं कोण देतंय.

पण लगेच त्याला देव करू नका. फ्रोडो सापडल्यावर अंगठी परत देताना गडी घुटमळतो, ओझं वाटून घेऊ का म्हणतो, आणि फ्रोडो त्याला चोर म्हणत ती हिसकावून घेतो. फ्रोडोच्या आधी बिल्बोकडं ती 60 वर्षं होती, सॅमकडं अगदी थोडा वेळ. जास्त राहिली असती तर काय झालं असतं? मामाला सगळी गोष्ट सांगून विचारलं, तर म्हणतो, "आधी त्याची बाग किती गुंठे होती ते सांग."